इतिहासाच्या पेपरातलं ब्राझील

पूर्वपरीक्षेत इतिहासाच्या पेपरात आमच्या दहावीच्या वर्गातल्या एक्केचाळीस मुलांनी ब्राझीलबद्दल लिहिलं. मी इतिहासाबद्दल लिहिलं. म्हणून हुद्देदार सरांनी मला ऑफिसात बोलावलं.

हुद्देदार सर चिंचटेक विद्यामंदिराचे पर्यवेक्षक. आमच्या शाळेला मुख्याध्यापक मंजूर आहेत, फक्त ते चार वर्षांपासून अजून यायचे आहेत, त्यामुळे शाळा सरच चालवतात. नियमांचं एक जाडजूड पुस्तक त्यांना तोंडपाठ आहे. ते जेवायला बसले तरी आधी कलम बघतात, असं पोरं म्हणतात. पोरं काहीही म्हणतात.

तर, प्रश्न होता 'टीप लिहा : दर्पण'. एक्केचाळीस जणांनी लिहिलं, की ब्राझीलच्या उच्चभूमीमुळे पर्जन्यछायेत आलेल्या ईशान्येकडच्या भागाला अवर्षण चतुष्कोन म्हणतात. त्यांतल्या एकानं दोन्ही बाजू सांभाळायचा प्रयत्न केला होता : 'दर्पण हे वृत्तपत्र अमेझॉनच्या खोऱ्यात सुरू झाले. तेथील हवा दमट असल्याने कागद टिकत नसे.' त्याचं नाव मी सांगणार नाही. पुढे कुठे तरी चांगल्या पदावर जाणार तो.

पेपर तपासते जिल्ह्याची यंत्रणा. तिनं ब्राझीलची माहिती पडताळली. ती शंभर टक्के बरोबर निघाली. शेरा आला, 'उत्तरे अचूक. प्रश्नपत्रिका सदोष.' मग तिनं माझा पेपर घेतला. शेरा, 'उत्तर वर्गाशी जुळत नाही. बाह्य स्रोत. गैरमार्गाचा संशय.' दोन्हीचा खुलासा त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत हवा होता. प्रश्नपत्रिका सरांनी स्वतः काढली होती. मी ऑफिसात शिरले तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती आणि सरांचे कान लाल होते.

हे झालं कसं, ते कळायला वासाबद्दल थोडं सांगावं लागेल. ते मी सांगावं हा मोठाच विनोद आहे, पण तो पुढे.

आपण जे बघतो, ऐकतो, ते मेंदूत शिरल्यावर आधी मधल्या एका नाक्यावर थांबतं. तिथे त्याची तपासणी होते, मग ते पुढे जातं. वासाला हा नाका नाही. नाकाच्या छतातून निघालेला संदेश जवळजवळ थेट आठवणींच्या कोठाराशेजारी जाऊन उतरतो. म्हणून तर ठेवणीतली साडी बाहेर काढली की बायकांना एकदम कुणाचं तरी लग्न आठवतं, आणि त्यात कोण कोणाशी बोललं नव्हतं तेही. दुसरी गोष्ट झोपेची. दिवसभरात शिकलेलं गाढ झोपेत मेंदू पुन्हा घोटतो. शिकताना जो वास होता तोच त्या वेळी उशाशी सोडला, तर मेंदू नेमकं तेच पान काढून घोटतो. कुणीतरी या दोन गोष्टी जोडल्या आणि पेढ्यांच्या बॉक्सएवढं एक यंत्र केलं. त्याचं नाव गंधी.

प्रत्येकाला दोन गंधी मिळतात, एक बाकाला, एक उशाला. प्रत्येक विषयाची वेगळी कुपी. भूगोलाच्या तासाला भूगोलाचा वास, झोपेत तोच, परीक्षेत पुन्हा तोच. वास आला की धडा आपोआप पेनात उतरतो. आम्ही आठवीत असताना गंधी आली. त्यानंतर पोरांनी पुस्तकं उघडणंच सोडून दिलं.

सरकारी कुप्यांतले वास मुद्दाम असे निवडले होते, की ते जगात दुसरीकडे कुठेच भेटू नयेत. भूगोलाचा वास म्हणे ओल्या टायरमध्ये ठेवलेल्या जर्दाळूसारखा होता. पालकांनी तक्रार केली, की पोरं टायर उशाला घेऊन झोपतात. तेव्हा सरांनी डोकं चालवलं. त्यांनी कुप्या रिकाम्या केल्या आणि त्यांत स्वयंपाकघरातले नि देवघरातले वास भरले. इतिहासाला हिंग, गणिताला कापूर, विज्ञानाला लवंग, भूगोलाला वेलदोडा. पालक खूश. निकाल वर गेला. जिल्ह्यानं सरांना 'गंधप्रमुख' केलं आणि एका समारंभात पितळेचं मोठं नाक दिलं. ते सरांच्या टेबलावर असतं. त्यावर ते चष्मा ठेवतात.

सरकारनं जगावेगळे वास निवडले त्याला काही कारण असेल, असं कुणाच्याच मनात आलं नाही. आमटीला फोडणी बसली की घरोघरी पोरं उठून इतिहास बोलू लागायची. देवळात आरतीला कापूर पेटला की मागच्या रांगेतून त्रिकोणमिती ऐकू यायची. लोक म्हणाले, यंत्राचा गुण आला.

"बस," सर म्हणाले.

मी बसले.

"ऊठ. सवयीनं म्हणालो मी. कुठून कॉपी केलीस?"

"कुठून नाही सर."

"मग तुला दर्पणबद्दल कसं कळलं?"

"इतिहासाच्या पुस्तकात आहे."

"पुस्तकात आहे ते मला माहितीय, सरगर. तुझ्या पेपरात कसं आलं?"

"पाठ केलं."

सरांनी चष्मा काढून पितळी नाकावर ठेवला. "पाठ केलं म्हणजे काय केलं?"

"वाचलं. परत वाचलं. मग पुस्तक मिटून म्हणून बघितलं. चुकलं. परत वाचलं."

"किती वेळा?"

"दर्पण सात वेळा."

"कुणाच्या नादानं लागलं हे?" सरांनी अशा आवाजात विचारलं, जणू मी शाळेमागे विडी ओढताना सापडले होते. "तुझ्या बाकाला गंधी आहे. उशाला गंधी आहे. हिंग सुटतोय. सात वेळा वाचायची वेळ का यावी माणसावर? आमच्या वेळी आम्ही..." ते मध्येच थांबले. "आमचं असू दे. नियम एकवीस. गैरमार्ग सिद्ध झाला तर यंदा बोर्डाला बसता येत नाही. हा फॉर्म. पाचला जाणार. तुला आणखी काही सांगायचंय?"

सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं. मला वास येत नाही.

तिसरीत असताना ताप आला होता. उतरला तेव्हा वास गेलेला होता. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, आमचं घर बसस्टँडच्या मागे आहे. पण गंधी आल्यावर सरकारनं नियम काढला, की ज्यांना वास येत नाही त्यांनी अगंध वर्गात जायचं. तो वर्ग जिल्ह्याच्या गावी, ऐंशी किलोमीटरवर. वसतिगृहात राहायचं, दिवाळीला घरी यायचं. मुलं एकशे दहा आणि शिक्षक एक.

आठवीच्या प्रवेशाला घ्राणचाचणी होती. परीक्षकांनी पाच बाटल्या मांडल्या आणि लेबलं हुशारीनं स्वतःकडे फिरवली. ती त्यांच्या चष्म्याच्या काचेत दिसत होती, उलटी. मी पाचही वास बरोबर सांगितले. परीक्षक म्हणाले, पोरीचं नाक तेज आहे. पप्पांनी त्या दिवशी मला दोन आइस्क्रीम दिली आणि म्हणाले, "ओवे, हे नाकाचं प्रकरण आपल्या घरात राहू दे."

पप्पांची पिठाची गिरणी आहे. आठवीपासून मी रोज संध्याकाळी तिथेच अभ्यास करते. गिरणी चालू असताना मनातल्या मनात वाचून काही उपयोग नसतो, ओरडून म्हणावं लागतं. पप्पा एका हातानं धान्य सोडतात, दुसऱ्या हातानं पुस्तक धरतात. माझ्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर पप्पांचा पांढरा अंगठा आहे. मी चुकले तर ते गिरणी थांबवत नाहीत, नुसती मान हलवतात, आणि मी ती ओळ परत म्हणते. जिल्ह्याच्या वसतिगृहात सगळं असेल, पण तिथे पुस्तक धरायला पप्पा नसतील. मला तेवढंच नको होतं.

म्हणजे हिशेब सरळ होता. गप्प बसले तर बोर्ड जात होतं, बोलले तर चिंचटेक जात होतं.

"मी खरंच पाठ केलंय सर," मी म्हणाले. "साक्षीदार आहेत."

"कोण?"

"गिरणीत दळण घेऊन येणारे सगळे."

"नावं सांग. मोघम साक्ष चालत नाही."

"हुद्देदार काकू."

"कोण हुद्देदार?"

"सर, गावात एकच घर आहे."

सरांनी घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण नियम चौदाप्रमाणे साक्ष उघड घ्यावी लागते.

"अगं ऐक. दर्पणची माहिती सांग."

"कुठला दर्पण?"

"इतिहासातला."

"हां, ते होय! सहा जानेवारी अठराशे बत्तीसला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत सुरू केलं. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत. लोकांना देशविदेशातल्या घडामोडी कळाव्यात, विचार करायची सवय लागावी, हा हेतू. पुढचं पण सांगू? ते गुरुवारी झालं."

सर फोनवर वाकले. "तुला हे कुणी शिकवलं?"

"शिकवायचंय काय? सरगरांची ओवी म्हणत असते, आम्ही ऐकतो. जोंधळे दळून होईस्तोवर दोन धडे होतात. गहू लवकर होतो, त्यात एकच. म्हणून मी हल्ली मुद्दाम जोंधळेच नेते."

"म्हणून दोन महिने घरात नुसती भाकरी आहे?"

"इतिहास संपू दे, मग चपाती करीन. आणि काय हो, तुमच्या त्या ब्राझीलचा काही तपास लागला का? मी तेव्हाच म्हटलं होतं, शिरा व्हरांड्यात करायला लावू नका म्हणून."

इथे शिऱ्याचं सांगितलं पाहिजे. पूर्वपरीक्षा सुरू होते त्या दिवशी आमच्या शाळेत सत्यनारायण असतो. ही पद्धत शाळा निघाल्यापासूनची आहे. गंधी आली, यंत्रणा आली, सत्यनारायण राहिला. प्रसादाचा शिरा दर वर्षी मागच्या शेडमध्ये होतो. यंदा शेडमध्ये नव्या बाकांची थप्पी लागली होती, म्हणून सरांनीच चूल परीक्षेच्या हॉलबाहेर, व्हरांड्यात मांडायला लावली. वेळ सकाळची अकराची. पेपर इतिहासाचा.

"शिऱ्याचा काय संबंध?" सर म्हणाले.

"अहो, आचाऱ्यानं वेलदोड्याची अख्खी पुडी ओतली त्यात! पार बसस्टँडपर्यंत घमघमाट होता. लोक विचारत होते, कुणाकडे पूजा आहे?"

"मला नाही आला घमघमाट."

"तुम्हाला कसा येईल? सात वर्षं झाली तुमचं नाक बंद पडून. परवा दूध करपून पातेलं काळं झालं, तुम्ही शेजारी पेपर वाचत बसला होतात. त्या कुप्यांतले वाससुद्धा मीच हुंगून दिले की नाही तुम्हाला?"

"अगं, फोन स्पीकरवर आहे."

"अगं बाई! कोण आहे तिथे?"

"कुणी नाही," सर म्हणाले.

"मी आहे काकू," मी म्हणाले. "ओवी."

"मग हरकत नाही. ओवी, उद्या राजकीय पक्षांचा धडा घे गं, मी लवकर येते." आणि काकूंनी फोन ठेवला.

बाहेर सातवीचा वर्ग लवंगेवर पचनसंस्था म्हणत होता, ती ऑफिसात स्पष्ट ऐकू येत होती.

सर हळूहळू बोलायला लागले, फळ्यावर गणित मांडल्यासारखे. "बाकांवर हिंग सुटत होता. पण बाहेर कढईभर वेलदोडा. हिंग दबला. वेलदोडा म्हणजे भूगोल." त्यांनी एक सुस्कारा सोडला. "म्हणजे ब्राझील माझ्यामुळे."

"शिऱ्यामुळे सर."

"शिरा माझ्यामुळे." त्यांनी माझ्या नावाचा गैरमार्गाचा फॉर्म उचलला, मधोमध फाडला, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकण्याआधी त्याचे आणखी दोन सारखे तुकडे केले. मला हलकं वाटलं. सव्वाचार झाले होते. मी निघायला वळलेसुद्धा.

"सरगर."

"हो सर."

"तुझा बाक खिडकीशी. खिडकीबाहेर कढई. एक्केचाळीस जणांना ब्राझील आठवलं. तू का नाही लिहिलंस ब्राझील?"

'सर्दी होती,' एवढं पुरलं असतं. ते दोन शब्द माझ्या जिभेवर येऊनही बसले होते. पण सर माझ्याकडे बघत होते ते पर्यवेक्षकासारखं बघणं नव्हतं. गर्दीत आपल्या गावचं कुणी दिसतंय का, असं माणूस बघतो, तसं होतं. आणि मला तीन वर्षांत हा प्रश्न कुणी सरळ विचारलाच नव्हता.

"तुम्हाला शिऱ्याचा वास जसा आला नाही," मी म्हणाले, "तसा मलाही आला नाही."

सर म्हणाले, "बस." या वेळी ऊठ म्हणाले नाहीत.

"कधीपासून?"

"तिसरीपासून."

"काही करपलेलं कसं कळतं तुला?"

"धूर बघते. तुम्हाला?"

"मला बायको सांगते." ते थोडे पुढे झुकले. "दूध नासलंय का, ते?"

"मांजराला दाखवते."

"वा," सर म्हणाले. ते त्यांनी चक्क टिपून घेतलं. मग त्यांचा हात नियमांच्या पुस्तकावर गेला आणि चेहरा पुन्हा पर्यवेक्षकाचा झाला. ज्याला सगळे नियम पाठ असतात त्याचं हेच वाईट. त्याला एखादा विसरता येत नाही.

"नियम छत्तीस. अगंध विद्यार्थी निदर्शनास आल्यास चोवीस तासांत जिल्ह्याच्या वर्गात पाठवावा. माझ्या निदर्शनास आलं, सरगर. मला ते आलं नाही असं म्हणता येणार नाही."

"सर, मी इथेच अभ्यास करते. गिरणीत. मला बोर्डाला नव्वदच्या वर पडतील."

"मला ते पटतंय. नियमाला पटत नाही." त्यांचा आवाज कडक होता, पण तो कडकपणा मला उद्देशून होता असं वाटलं नाही.

"मग निदान बोर्ड होईपर्यंत तरी..."

"थांब. मधे बोलू नको. छत्तीस अ. छत्तीस ब..." ते बोट फिरवत वाचत होते. बोट एका जागी थांबलं. त्यांनी तो परिच्छेद मनात वाचला, मग मोठ्यानं वाचला, मग पुन्हा मनात.

"छत्तीस क. शाळेतच अगंध शिक्षक उपलब्ध असल्यास अगंध वर्ग त्या शाळेत चालवता येईल. शिक्षक अगंधच असावा, कारण वास येणारा शिक्षक नकळत कुपीवर विसंबतो. पटाची अट नाही."

सर पितळी नाकाकडे बघत होते.

"नियम चार," ते म्हणाले, ते मला नव्हे, त्या नाकाला. "अगंध व्यक्तीस गंधप्रमुख राहता येणार नाही."

घड्याळात साडेचार झाले. सर उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. पितळी नाकावरचा चष्मा उचलून त्यांनी डोळ्यांवर लावला आणि ते नाक उचलून कपाटावर, जुन्या नकाशांच्या मागे ठेवलं.

"जिल्ह्यात हसतील," ते म्हणाले.

"हो सर."

"नाही म्हणायचं असतं अशा वेळी."

"नाही हसणार सर."

"हसतील. मीही हसलो असतो." ते खुर्चीत बसले आणि कीबोर्ड जवळ ओढला. "माझ्या नाकाचं बाहेर सांगेन, अशी भीती तू मला घालणार होतीस का? खरं सांग."

"नाही सर."

"का?"

"मग तुम्हाला माझं लपवावं लागलं असतं. तुम्हाला ते जमलं नसतं. तुम्ही चुकून दोन मिनिटं लवकर घंटा दिली तर दुसऱ्या दिवशी माफी मागता."

सर पडद्याकडे वळले. ते दोन बोटांनी टाइप करत होते. 'प्रश्नपत्रिका निर्दोष. उत्तरे अचूक, परंतु दुसऱ्या पेपराची. एक्केचाळीस विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा घेण्यात येईल.' पुढे 'कारण निवडा' होतं. त्यात पूर, वीज, साप, मंत्र्यांचा दौरा, आणि इतर, एवढीच कारणं होती. सरांनी 'इतर' निवडलं आणि समोर लिहिलं, 'शिरा.'

दुसरा फॉर्म अगंध वर्गाचा. विद्यार्थी, ओवी सरगर. शिक्षक, या चौकोनापाशी कर्सर लुकलुकत राहिला. सरांनी स्वतःचं नाव लिहिलं. समोर 'अगंध' होतं. होय किंवा नाही. त्यांनी 'होय' केलं. यंत्रणेनं विचारलं, 'खात्री आहे का?' सर तोंडानं "हो" म्हणाले. मग लक्षात आल्यावर बटण दाबलं. पाचला चार मिनिटं कमी होती.

पडद्यावर लगेच उत्तर आलं, 'अभिनंदन. तुकडी मंजूर. विद्यार्थीसंख्या : १. कृपया वर्गातून मॉनिटर निवडून आणा. निवडणूक गुप्त मतदानाने घ्यावी.'

"मी उभी राहते," मी म्हणाले.

"विचार कर. हरलीस तर वाईट वाटेल." सर हे इतक्या गंभीरपणे म्हणाले, की मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं, ते विनोद करतात. कदाचित आधीपासूनच करत असतील. 

मी दप्तर खांद्याला लावलं. पप्पांना सांगायची घाई झाली होती मला. गिरणीत आता गर्दी असणार आणि सगळं ओरडून सांगावं लागणार, म्हणजे रांगेतल्या सगळ्यांना एकदमच कळणार.

"उद्या साडेदहाला," सर म्हणाले.

"शाळा अकराला असते सर."

"ती त्यांची. आपण आपली वेळ ठरवू. आणि उशीर चालणार नाही. उशिरा आलीस तर वर्गाबाहेर उभी करीन."

"मग तुम्ही शिकवणार कुणाला सर?"

सरांनी यावर बराच वेळ विचार केला. पुस्तक उघडून दोन ठिकाणी बघितलंसुद्धा. त्यात याबद्दल काहीच नव्हतं.

"मग मीही बाहेर येईन," ते म्हणाले.